आमचा बोकड कशाने मेला?



आमच्या घरी सात उस्मानाबादी शेळ्या आहेत. रंग काळा, कान लोंबते, आणि पुष्कळदा जुळी करडे देतात. त्यांच्याविषयी मी लिहीत आहे.

२०२४ च्या जून महिन्यात पाऊस झाला आणि बांधावर लुसलुशीत गवत आले. उन्हाळाभर कडबा खाऊन कंटाळलेल्या शेळ्या त्यावर नुसत्या तुटून पडल्या. आम्हांला बरेच वाटले. पण एके दिवशी पहाटे आमचा सगळ्यांत धष्टपुष्ट बोकड गोठ्यात मरून पडलेला दिसला. संध्याकाळी तर तो उड्या मारीत होता! दुपारी एक गुबगुबीत पाटही मान मागे टाकून, पाय झाडून गेली. रोडक्या शेळ्यांना मात्र काहीच झाले नाही. आजी म्हणाली, "दृष्ट लागली." आई काही बोलली नाही. बोकड विकून बी-बियाणे आणायचे ठरले होते.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी सांगितले, हा आंत्रविषार. याचे जंतू चांगल्या शेळीच्या आतड्यातही थोडे असतात. एकदम भरपूर कोवळा चारा किंवा धान्य पोटात गेले की ते भराभर वाढतात व विष तयार करतात. म्हणून जी जास्त खाते, तीच आधी मरते. दृष्टीचे कोडे मला तेव्हा सुटले. (खळ्यावर शेळी राशीत शिरली तरी हाच धोका असतो, बरं का!)

रोग झाल्यावर उपचाराला वेळच मिळत नाही. म्हणून पावसाळ्याआधी, मे महिन्यातच लस टोचून घ्यावी. पहिल्यांदा देताना दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, नंतर दरवर्षी एक. आमच्याकडे पहिला डोससुद्धा झाला नव्हता. 'आज बघू, उद्या बघू' करता करता पाऊस आला. पावसाच्या सुरुवातीला शेळ्यांना आधी थोडा कडबा घालावा, मग थोडाच वेळ चरायला सोडावे.

आणखी एक गोष्ट. आमच्यात वार पडेपर्यंत करडाला पाजत नसत. डॉक्टर म्हणाले, ही मोठी चूक. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजलाच पाहिजे. गाभण शेळीला विण्याआधी महिनाभर लस दिली, तर चिकातून तिचे संरक्षण करडालाही मिळते. आजीला हे पटायला वेळ लागला. पण पुढच्या वेळी तिनेच दोन्ही करडे उचलून आचळाला लावली.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही सगळ्या शेळ्या टोचून घेतल्या. दुसऱ्या डोसची तारीख आजोबांनी कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवली होती. ती अजून पुसलेली नाही.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी