रहस्यपट आणि त्याचे भित्तिपत्रक : ‘पाठलाग’च्या निमित्ताने

रहस्यपट म्हणजे शेवटपर्यंत काहीतरी लपवून ठेवणारा चित्रपट, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत पूर्णपणे खरी असती, तर एकदा उलगडा झाल्यानंतर तो चित्रपट पुन्हा पाहण्यात काहीच स्वारस्य उरले नसते. परंतु अनुभव तसा नाही. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) ज्यांनी पाहिला होता, त्यांच्यापैकी अनेकांनी दोनच वर्षांनी त्याच कथेवरचा राज खोसला यांचा ‘मेरा साया’ (१९६६) पाहिला, आणि शेवट ठाऊक असूनही त्यांना तो खिळवून ठेवू शकला. हे कसे घडते, आणि चित्रपटाआधीच प्रेक्षकाला भेटणारे भित्तिपत्रक त्यात कोणती कामगिरी बजावते, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

प्रथम दोन संज्ञांमध्ये भेद करणे आवश्यक आहे. ‘रहस्य’ प्रेक्षकापासून दडवलेले असते. ‘उत्कंठा’ मात्र प्रेक्षकाला जे कळले आहे ते पात्राला कळलेले नाही, यातून निर्माण होते. आल्फ्रेड हिचकॉक याने फ्रान्स्वा त्र्युफो याच्याशी झालेल्या संवादात हा भेद टेबलाखालच्या बॉम्बच्या दाखल्याने स्पष्ट केला आहे. बॉम्ब अकस्मात फुटला तर क्षणभराचा धक्का बसतो. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधी सांगितले, तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही असह्य वाटू लागतात.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप प्रेक्षकाला कळतो, सख्यांना कळतो, शकुंतलेला मात्र तो सांगितला जात नाही. त्यामुळे पाचव्या अंकात ती राजसभेत उभी राहते आणि अंगठीसाठी बोटाकडे पाहते, तेव्हा आपल्या मनाची जी अवस्था होते ती उत्कंठेचीच. दुसरीकडे, नाटकाच्या निर्वहणात अद्भुत रस असावा, असे भरताने नाट्यशास्त्रात सांगितले आहे. उलगड्याच्या क्षणी होणारा विस्मय तो हाच. म्हणजे उत्कंठा आणि विस्मय या दोहोंची जाण आपल्या परंपरेला पूर्वीपासून आहे.

आता ‘पाठलाग’कडे वळू. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका असून १९६४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याचा गौरव झाला. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या पतीपुढे हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची एक स्त्री गुन्हेगार म्हणून उभी राहते आणि ‘मीच तुमची पत्नी’ असे सांगते, हे या कथेचे बीज. ती खोटी असेल, तर संसारातल्या खाजगी गोष्टी तिला कशा ठाऊक? ती खरी असेल, तर मृत्यू पावली ती कोण?

येथे शकुंतलेची आठवण अपरिहार्य आहे. दोन्हीकडे पत्नीला पतीसमोर स्वतःची ओळख सिद्ध करावी लागते. फरक इतकाच की, शाकुंतलात सत्य आपल्याला ठाऊक असते, आणि येथे ते पतीइतकेच आपल्यालाही अज्ञात असते. परंतु चित्रपट दुसऱ्यांदा पाहणारा प्रेक्षक शाकुंतलाच्या प्रेक्षकाच्या जागी जाऊन बसतो. पहिल्या वेळी त्याला त्या स्त्रीचा संशय आला होता. आता पतीच्या प्रत्येक नकाराने त्याला तिच्यासाठी वेदना होते. रहस्य संपले तेथे उत्कंठा सुरू झाली. चांगल्या रहस्यपटाची हीच कसोटी मानावी : उलगड्यानंतरही त्यात माणसाचे दुःख शिल्लक राहिले पाहिजे.

भित्तिपत्रकाची अडचण याहून वेगळी आहे. त्याच्याजवळ काळ नसतो. एकच स्थिर चित्र, काही अक्षरे आणि रस्त्यावरून जाणाऱ्याची ओझरती नजर, एवढेच त्याचे भांडवल. म्हणून अर्धा उजेडात व अर्धा अंधारात असलेला चेहरा, चौकटीबाहेर पाहणारे डोळे, धन्याविना पडलेली सावली, तिरपी अक्षरे हे त्याचे नेहमीचे संकेत होत. या प्रत्येकात कार्य दाखवलेले असते, कारण वगळलेले असते. डोळे विस्फारलेले दिसतात. त्यांना काय दिसले ते दिसत नाही. उरलेले चित्र पाहणारा मनातच पूर्ण करतो.

शीर्षकाचेही तसेच आहे. ‘आशा परत येते’ हे विधान आहे. ‘पाठलाग’ हा प्रश्न आहे. कोण कोणाचा? ‘मेरा साया’मध्ये प्रश्न पुन्हा बदलतो. सावली म्हणणारा कोण, आणि सावली कोणाची? वसंत जोगळेकर यांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या शीर्षकानेही सावलीचाच आश्रय घ्यावा, हे लक्षणीय आहे. माणूस जवळ आहे एवढेच सावली सांगते. तो कोण हे सांगत नाही.

या संदर्भात फ्रिट्झ लांग याच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन चित्रपटातील एक दृश्य उद्बोधक आहे. खुन्याला पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर करणारे पत्रक खांबावर चिकटवलेले आहे. एक लहान मुलगी त्यावर चेंडू आपटीत खेळते आहे. आणि त्याच पत्रकावर एका माणसाची सावली येऊन थांबते. शब्द धोक्याची सूचना देतात, सावली धोका आणते, आणि दोन्ही आपल्याला एकाच वेळी दिसतात. मुलीला मात्र त्यातले काहीच उमगत नाही.

आपल्याकडील भित्तिपत्रकाला नट-नट्यांचे चेहरे, गाण्यांचे आमिष आणि प्रणयाचे आश्वासन, असे सारेच सांभाळावे लागे. त्यामुळे रहस्याच्या वाट्याला पुष्कळदा एखादा कोपराच येई. तरीही एक मर्यादा पाळली जाणे इष्ट असते. भित्तिपत्रकाने उत्तर राखून ठेवावे. खोटे उत्तर देऊ नये. चित्रपटात नसलेले भय भिंतीवर रंगवले, तर प्रेक्षक फसतो, आणि फसलेला प्रेक्षक पुढच्या वेळी प्रश्नावरही विश्वास ठेवीत नाही. राखून ठेवणे आणि फसवणे यांतील हे अंतर ज्याला कळले, त्याला रहस्यपटाचे मर्म कळले, असे म्हणावयास हरकत नाही.