दोन भाषांचे मूल आणि कोशातील शोध

परभणी जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्याच्या कारभाराची भाषा उर्दू असून 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच होते. मराठी घरातील मुलास त्या काळी उच्च विद्येसाठी परकी लिपी ओलांडून जावे लागे. आज स्थिती पालटली आहे. तांड्यावरून येणारे बंजारा मूल व घरी उर्दू बोलणारे मूल यांना मराठी ग्रंथ उघडताना आता तोच उंबरठा लागतो.

कापसाविषयी माहिती शोधून आणण्यास वर्गात सांगितले, असे समजा. उर्दूभाषिक मूल कोशात ‘कपास’ पाहते. मराठी शब्द ‘कापूस’. तो ‘क’ची पाने संपून ‘का’ची लागल्यावर यावयाचा. मूल कितीतरी पाने अलीकडेच थांबते व ‘पुस्तकात नाही’ असे सांगते. मुलाने आळस केला, असा शिक्षकाचा ग्रह होतो. वस्तुतः त्याने शोध घेतला आहे, फक्त दार चुकले आहे. त्यातून ज्याचा आरंभ उर्दू शाळेत झाला, त्याच्या मनात अलिफ, बे, पे हा क्रम रुजलेला. तेथे ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतही नाहीत. बाराखडीने पाने लावलेली असतात ही कल्पनाच त्यास नवी.

ज्वारीचे उदाहरण याहून बोधक आहे, कारण तेथे मराठी मूलही अडते. या भागात तोंडी शब्द ‘जवारी’. छापील ‘ज्वारी’तील जोडाक्षर मात्र ‘ज’ची सारी बाराखडी संपल्यावर येते.

शब्द न सापडणे एक वेळ परवडले. भलताच अर्थ सापडणे अधिक घातक. बंजारा घरी ‘बाटी’ म्हणजे रोजची भाकरी, मराठीत मात्र निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा. जुन्या उर्दू कागदातील ‘राजीनामा’ हा तडजोडीचा लेख. मराठीत तो नोकरी सोडल्याचा. येथे मूल चुकल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून कोश हाती देण्यापूर्वी वस्तूचे नाव मुलाच्या भाषेत विचारावे व पुस्तकी शब्द त्याच्या शेजारी फळ्यावर लिहावा. अशा जोड्यांची एक शब्दवही वर्गात ठेवावी. बंजारा भाषेस स्वतंत्र लिपी नाही. तिचे शब्द देवनागरीत लिहिण्यास अडचण पडत नाही. उर्दू शब्दही तसेच लिहावेत. 1976 पासून खंडशः निघालेला मराठी विश्वकोश आता संगणकावर पाहावयास मिळतो. तथापि शोधाच्या चौकटीत कोणता शब्द लिहावा हा प्रश्न तेथेही मुलापुढे उरतोच, आणि तेथे ही वही उपयोगी पडते.

वही मुलांनीच लिहावी. अधूनमधून ती घरी न्यावयास द्यावी. याडीने किंवा अम्मीने सांगितलेला एखादा शब्द वर्गात कोणासच ठाऊक नसतो, शिक्षकासही नाही.