आधी पाणी विचारा, मग गाडी

सहलीला जायचं ठरलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. गाडी किती वाजता? भाडं किती? भाकरी बांधून घ्यायची, की तिथं काही मिळेल? हे प्रश्न बरोबरच आहेत. पण खाडीवरचे पक्षी पाहायला जायचं असेल, तर त्यांच्याही आधी एक प्रश्न येतो. पाणी किती वाजता?

आपलं गाव गागोदे बुद्रुक. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली इथे झाला. म्हणून बाहेरगावची माणसं आपलं गाव पाहायला येतात. आपण मात्र कुठे पाहायला जात नाही. पंढरीला जातो, लग्नाला जातो, दवाखान्यात जातो. नुसतं पाहायला जाणं ही आपल्याला चैन वाटते. वर्गात ही गोष्ट निघाली तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, पैसे मोडून पक्षी बघायला कशाला जायचं? आपल्या खाचरात बगळे थोडे आहेत का?"

मावशींचा प्रश्न खरा आहे. खाचरात बगळे आहेत. पण रोहित नाहीत.

रोहित हा मोठा पाणपक्षी. कोणी त्याला अग्निपंख म्हणतात. शहरातली माणसं फ्लेमिंगो म्हणतात. पाय काठीसारखे लांब. मान त्याहून नाजूक. अंग पांढरं-गुलाबी आणि पंख उघडले की आत लाल-काळा रंग. चोच मध्येच वाकलेली. खाताना तो डोकं उलटं करून चोच चिखलपाण्यात घालतो. पाणी आत घेतो, बाहेर टाकतो. आपण पीठ चाळतो ना, तसं. चोचीत अडकतं ते खातो. लहान जातीचा रोहित मुख्यतः बारीक शेवाळ खातो. मोठ्या जातीचा किडे आणि कोळंबीसारखे बारीक जीवही खातो. त्याचा गुलाबी रंग ह्या खाण्यातूनच येतो. पिल्लू जन्मतः करड्या रंगाचं असतं.

असे एक-दोन नव्हे, हजारो रोहित पक्षी ठाण्याच्या खाडीत येतात. मुंबई एका काठाला, नवी मुंबई दुसऱ्या काठाला आणि मधे ही खाडी. १९९० नंतरच्या वर्षांत ते तिथे मोठ्या संख्येने दिसू लागले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही पक्ष्यांचा अभ्यास करणारी जुनी संस्था आहे. ती १८८३ साली स्थापन झाली. तिच्या माणसांनी २०१९ साली मोजणी केली, तेव्हा आकडा लाखाच्या वर गेला. सरकारने २०१५ साली खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर केला. २०२२ साली ही खाडी रामसर यादीत गेली. रामसर हे इराण देशातलं एक गाव आहे. तिथे १९७१ साली अनेक देशांनी मिळून पाणथळ जागा राखण्याचा करार केला. त्या कराराची ही यादी.

हे पक्षी घरटी करायला गुजरातेत कच्छच्या रणात जातात आणि खायला इकडे येतात. इतक्या मोठ्या शहराच्या कुशीत त्यांना काय आवडलं असेल? एक कारण जाणकार सांगतात. शहराच्या सांडपाण्याने खाडीत शेवाळ माजतं आणि शेवाळ हे तर त्यांचं अन्न. आपल्या घाणीवर असं पंगत बसलेलं पाहून मला तरी थोडं हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

आता पाण्याकडे वळू. मोठी नदी लांबून गाळ आणते आणि समुद्राजवळ पसरते. तिला फाटे फुटतात. मधे बेटं तयार होतात. अशा जागेला त्रिभुज प्रदेश म्हणतात. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या मुखाशी सुंदरबन आहे, ते असंच. तिथे वाघ आहेत. लोक होडीत बसून वाघ पाहायला जातात. आपल्या कोकणच्या नद्या तशा नाहीत. त्या सह्याद्रीत उगवतात आणि थोडं धावून समुद्राला मिळतात. त्यांना फाटे फुटायला वाव नसतो. त्यांच्या मुखाशी खाडी होते. नागोठण्यावरून येणारी अंबा नदी पाहा. ती पुढे धरमतरच्या खाडीत जाते.

त्रिभुज प्रदेश असो की खाडी, तिथे सहलीची वेळ पाणी ठरवतं. आफ्रिकेत बोट्स्वाना नावाचा देश आहे. तिथे ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश आहे. गंमत अशी की ही नदी समुद्राला मिळतच नाही. ती वाळवंटाच्या वाळूत पसरते आणि तिथेच जिरते. पाऊस पडतो शेजारच्या अंगोला देशाच्या डोंगरात. ते पाणी हळूहळू चालत येतं. यायला काही महिने लागतात. म्हणून तिथे पूर येतो तो कोरड्या दिवसांत. जून, जुलै, ऑगस्टच्या सुमारास. सगळीकडे रखरख आणि इथे पाणी. मग हत्ती, रेडे, हरणं त्या पाण्याभोवती जमतात. जगभरचे लोक पैसे साठवून ते पाहायला जातात. पाणी न विचारता भलत्याच महिन्यात गेला, तर माणूस वेगळंच काही पाहून परततो.

आपल्याकडे महिन्यांची वाट पाहायला नको. आपलं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं.

ओहोटी लागली की खाडीत चिखलाची मोठी मैदानं उघडी पडतात. रोहित तिथे उतरून चरतात. पण होडी चिखलात चालत नाही. भरती पूर्ण आली की होडी कुठेही जाते. पण तेव्हा चिखल बुडालेला असतो. पक्षी उठून दुसऱ्या पाणवठ्यांवर गेलेले असतात. म्हणजे होडीला पाणी हवं आणि पक्ष्याला चिखल हवा. दोन्ही एका वेळी कधी मिळतात? पाणी चढत असताना, भरती पुरी व्हायच्या आधी. चिखल थोडा थोडा बुडत जातो, पक्षी काठाकाठाने सरकत येतात आणि होडीही तरंगते. ही दोन-अडीच तासांची संधी असते. ती साधली पाहिजे.

ती कशी साधायची? भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तारखेखाली बारीक अक्षरात तिथी छापलेली असते. ती तुम्हाला आता वाचता येते. तिथीला पाऊण तासाने गुणायचं आणि बारा वाजल्यापासून पुढे मोजायचं. झाली भरतीची वेळ. मुंबईच्या किनाऱ्यावर हा हिशेब कोळी मंडळी पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत.

जुन्या शाळेत पाउणकीचा पाढा होता. ज्यांच्या आज्यांना तो येत होता, त्यांना हे सोपं जाईल. एकाला पाऊण. दोनाला दीड. तिनाला सव्वादोन. चाराला तीन. तेव्हा प्रतिपदेला भरती पाऊण वाजता. द्वितीयेला दीड वाजता. तृतीयेला सव्वादोन वाजता. चतुर्थीला तीन वाजता. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. त्यानंतर सहा तासांनी पुन्हा भरती.

वर्गातले एक आजोबा हे ऐकून हसले. त्यांचं आयुष्य खारेपाटात बांधावर मजुरी करण्यात गेलं. ते म्हणाले, "गुरुजी, हे मला पुस्तकात कशाला दाखवता? उधाणाला रात्री उठून उघाडीचं दार कोण बघत होता?" खरं आहे. आजोबांना भरती अंगाने माहीत आहे. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे जेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. पण आजोबांना पुढच्या महिन्यातल्या तारखेची वेळ आज विचारली, तर ते आभाळाकडे पाहणार. ती वेळ आता त्यांना कागदावर मांडता येते. मी त्यांनाच फळ्यापाशी बोलावलं आणि सगळा हिशेब त्यांच्याच हाताने करून घेतला.

समजा, आपण अष्टमीला निघालो. आठाला पाऊण तासाने गुणलं की सहा. म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. दुपारी बाराला ओहोटी. आपण गागोद्याहून पहाटे निघून दहा-अकरापर्यंत पोहोचणार. तेव्हा पाणी उतरत असेल. होडी सुटणार नाही. वीस माणसांचा एक दिवसाचा रोजगार बुडाला, भाडं गेलं, पोरं रडली. चूक गाडीची नाही, होडीवाल्याचीही नाही. दिवस चुकला.

आता तृतीया घ्या. भरती सव्वादोनला. अकराला पोहोचलात तरी हातात वेळ आहे. पाणी चढतं आहे. बारा-साडेबाराची होडी उत्तम. म्हणून आपल्यासारख्या लांबून येणाऱ्यांना प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंतचे दिवस सोयीचे. वद्य चतुर्थी निवडली तर ती संकष्टी असते. उपास करणाऱ्या बायामाणसांनी शेंगदाण्याचे लाडू बरोबर घ्यावेत.

एक सावधगिरी आहे. हा हिशेब अंदाजाचा आहे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. खाडीच्या आत पाणी समुद्रापेक्षा थोडं उशिरा चढतं. हल्ली मोबाइलवर भरतीचं नेमकं वेळापत्रक मिळतं. घरातल्या शिकल्या मुलाला ते उघडायला सांगा आणि आपल्या हिशेबाशी ताडून पाहा.

महिना कोणता? रोहित साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात. आपली कापणी-झोडणी दिवाळीच्या आगेमागे आटपते. पुढे वाल येतात, पोपट्या लागतात. पेणच्या गणपती कारखान्यांत काम करणाऱ्यांनाही पावसाळ्यापेक्षा ह्याच दिवसांत थोडी उसंत असते. माझ्या मते माघ-फाल्गुन बरा. ऊन कडक नसतं आणि पक्षी भरपूर असतात. फक्त शिमग्याचे दिवस टाळा. त्या दिवसांत गावाबाहेर कोणी यायचं नाही.

रस्ता असा. एस.टी.ने पेण. पेणहून पनवेल. वाटेत कर्नाळ्याचा सुळका दिसेल. तिथेही पक्ष्यांचं अभयारण्य आहे. पण दोन्ही एका दिवशी करू नका. धड एकही होणार नाही. पनवेल स्टेशनात ठाण्याकडे जाणारी लोकल धरायची. इथे डोळे उघडे ठेवा. त्याच स्टेशनातून मुंबईकडेही लोकल जातात. फलाटावरची पाटी वाचा. 'ठाणे' अशी अक्षरं दिसली तरच चढा. घणसोली, मग रबाळे, मग ऐरोली. ऐरोलीला उतरायचं. पुढे रिक्षाने वनखात्याच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जायचं. नाव लांबलचक आहे. रिक्षावाल्याला 'फ्लेमिंगोची होडी' म्हटलं तरी कळतं.

केंद्रात आधी फोन करा. चार गोष्टी विचारा आणि वहीत लिहून घ्या. त्या दिवशी केंद्र उघडं आहे का? होडी किती वाजता सुटेल? एका होडीत किती माणसं? माणशी किती पैसे? तिकिटाचा दर मी इथे छापत नाही. दर बदलतात आणि पुस्तक तसंच राहतं. आपला हिशेब आणि केंद्राने सांगितलेली वेळ यांत फरक पडला, तर केंद्राचं ऐका. होडी त्यांची आहे.

पैसे आठवड्याला थोडे थोडे जमवा. एकाने वही ठेवावी आणि दुसऱ्याने ती दर आठवड्याला वाचून दाखवावी. भाडं, होडी, रिक्षा मिळून जे होईल त्याच्यावर थोडी रक्कम जास्त धरा. वीस माणसांत एखाद्याची चप्पल तुटते, एखाद्याचं पोट बिघडतं.

होडी साधारण तासभर फिरते. तिच्यात मोरीची सोय नसते. म्हाताऱ्या माणसांनी आणि मुलांनी आधीच उरकून घ्यावं. लाजू नये. जीवरक्षक जाकीट देतील ते सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. चिखलात उतरायचं नाही. वरून घट्ट दिसतो, पण कमरेपर्यंत ओढतो. होडीत उभं राहायचं नाही. ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. थवा उडताना छान दिसतो हे खरं. पण उडालेला पक्षी उपाशी राहतो. त्यालाही चरायला ते दोन-चार तासच मिळतात. भरती त्यालाही थांबत नाही.

काठाला तिवरांचं जंगल दिसेल. आपल्या धरमतरच्या खाडीलाही तेच आहे. चिखलातून खिळ्यांसारखी मुळं वर आलेली असतात. झाड त्यांतून श्वास घेतं. मासळीची पिल्लं त्या मुळांत वाढतात. लाटेचा जोर तिवरं अंगावर घेतात आणि मागचा बांध वाचतो. पूर्वी सरपणासाठी तिवरं सर्रास तोडत. आता तसं तोडणं हा गुन्हा आहे. ऐरोलीच्या केंद्रात तिवराच्या जाती ओळखायला शिकवतात. आजोबांनी तिथल्या माणसाला खारबांधाबद्दल चार गोष्टी सांगाव्यात. तोही ऐकेल.

अभ्यास

१. घरच्या कॅलेंडरात येत्या माघ महिन्यातली वद्य तृतीया शोधा. ती कोणत्या तारखेला आणि कोणत्या वारी येते ते लिहा.

२. द्वितीयेला भरती किती वाजता? ओहोटी किती वाजता? होडी भरतीच्या दोन तास आधी सुटली, तर ऐरोलीला किती वाजेपर्यंत पोहोचायला हवं?

३. एकादशीला जायचं असा कोणी हट्ट धरला. अकराला पाऊण तासाने गुणा. त्याला काय सांगाल?

४. वीस माणसांच्या सहलीसाठी केंद्राला एक पत्र लिहा. गावाचं नाव, तारीख, माणसांची संख्या आणि आपले चार प्रश्न त्यात यावेत. खाली सही करा. अंगठा नको.