मुक्या सोबत्याचा कौल

नागपूर शहराच्या इतिहासात घोड्यांच्या टापांचा आवाज दीर्घकाळ घुमत राहिला आहे. अठराव्या शतकात रघूजी भोसले यांनी येथे आपली राजधानी केली आणि येथूनच त्यांचे स्वार दूरदूरच्या मुलखांत जाऊ लागले. १७४२ साली भास्करराम कोल्हटकर यांच्या हाताखाली नागपूरची फौज थेट बंगालपर्यंत जाऊन पोचली. तेथील लोक या स्वारांना ‘बर्गी’ म्हणू लागले. हे नाव आपल्या ‘बारगीर’ या शब्दावरून पडलेले आहे.

मराठी फौजेत स्वारांचे दोन प्रकार असत. ज्याला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, तो बारगीर; आणि जो स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई, तो शिलेदार. बारगिराचा घोडा निकामी झाला, तर पागेतून दुसरा मिळण्याची आशा असे. शिलेदाराचा घोडा निकामी झाला, म्हणजे मात्र त्याच्या घरच्या चुलीवरच संकट येई. म्हणून घोड्याचा पाय दुखावला, की शिलेदारापुढे एक अवघड प्रश्न उभा राही : या घोड्यावर पुन्हा मांड ठोकावी, की न ठोकावी? ठोकावी, तर घोडा कायमचा अधू होण्याचे भय. न ठोकावी, तर चाकरी जाण्याचे भय!

तिसरे रघूजी १८५३ साली वारले आणि त्यानंतर इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. आता ती पागा राहिली नाही आणि ते शिलेदारही राहिले नाहीत. परंतु तो प्रश्न काही नाहीसा झाला नाही. जेथे जेथे माणूस घोडा बाळगतो, तेथे तेथे तो केव्हा ना केव्हा उभा राहतोच.

नागपूरच्या शिवेवर एका शेतकऱ्याच्या घरी तांबूस रंगाची एक घोडी आहे, अशी कल्पना करू. तिचे वय वीस वर्षांचे. घोड्याचे आयुष्य साधारणपणे पंचवीस ते तीस वर्षांचे असते. तेव्हा ही घोडी म्हातारीच म्हणावयाची. तिच्या डोळ्यांवरील खळगे खोल गेले आहेत, तोंडावर पांढरे केस दिसू लागले आहेत आणि पाठ किंचित खचली आहे. घरातील अकरा वर्षांची मुलगी हिच्याच पाठीवर बसून घोडदौड शिकली. एके वर्षी आषाढात, चिखलातून येत असता घोडीचा पुढचा डावा पाय खड्ड्यात गेला व मुरगळला. पायाच्या मागच्या बाजूची मोठी शीर दुखावली. पाय सुजला, तापला आणि घोडी लंगडू लागली. कित्येक महिने तिला विश्रांती देण्यात आली. पुढचा आषाढ जवळ आला, तेव्हा सूज पार उतरली होती व घोडी अंगणात नीट चालत होती.

मुलीच्या आनंदास सीमा राहिली नाही. ती वडिलांना म्हणाली, “बाबा, आता हिच्यावर खोगीर घालू या ना! खोगीर पाहिले की ती कशी कान टवकारते, पाहा!”

वडिलांच्या मनातही निराळाच, पण त्याच दिशेचा विचार चालला होता. ते म्हणाले, “चारा आणि दाणा काही फुकट येत नाही. घोडी चालती झाली आहे, तर तिने थोडेफार कामही करावे.”

आजोबा मात्र बराच वेळ गप्प होते. शेवटी ते म्हणाले, “तुम्ही दोघांनी आपापली बाजू मांडलीत. आता घोडीची बाजू कोणी मांडावयाची?”

या साऱ्या प्रश्नाचे मर्म आजोबांच्या या वाक्यात आहे. स्वाराला आपली हौस बोलून दाखविता येते, मालकाला आपली अडचण सांगता येते. पण जिच्या पायावर सारा भार पडावयाचा, ती मात्र मुकी असते. इतकेच नव्हे, तर तिचे मौनही माणसाला फसविते. घोडा हा मुळात कळपाने राहणारा, हिंस्र पशूंचे भक्ष्य होणारा प्राणी. रानात जो लंगडला तो वाघ-लांडग्यांच्या नजरेत भरला. म्हणून वेदना होत असली तरी ती लपविण्याकडे त्याचा कल असतो. त्यातून शिकविलेला जुना घोडा तर सवयीनेच आज्ञा पाळतो. खोगीर पाहून त्याने कान टवकारले, म्हणजे त्याचा पाय बरा झाला, असा त्याचा अर्थ होत नाही. घोडा नकार देत नाही. पण तेवढ्याने त्याचा होकारही ठरत नाही.

मग घोडीची बाजू समजावयाची कशी? तिच्या शरीराला विचारून. हे विचारण्याचे एक शास्त्र आहे. आपल्या देशात ते फार जुने असून, अश्ववैद्यक सांगणाऱ्या शालिहोत्राचे नाव शतकानुशतके आदराने घेतले जात आले आहे. नागपुरात १९५८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेव्हापासून तेथे जनावरांच्या डॉक्टरांना या शास्त्राचे शिक्षण मिळत आले आहे. आपल्या कल्पनेतील कुटुंबानेही अशाच एका डॉक्टरांना घरी बोलाविले.

डॉक्टरांनी आधी घोडीला नुसते उभे राहू दिले व लांबून पाहिले. ती चारही पायांवर सारखा भार देते, की एक पाय पुढे टाकून ठेवते? मग त्यांनी दोन्ही पुढच्या पायांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरविला. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो काय, कोठे जाडी वाटते काय, दाबल्यावर घोडी पाय मागे घेते काय, हे त्यांनी तपासले. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडेही लक्ष दिले. वेदना होत असता घोड्याचे कान मागे ताठरतात, डोळ्यांभोवती ताण येतो, नाकपुड्या व हनुवटी आवळली जाते. अशा सहा खुणांवरून घोड्याच्या वेदनेचे मोजमाप करण्याची पद्धत संशोधकांनी २०१४ साली मांडली आहे.

त्यानंतर त्यांनी घोडीला मऊ मातीवरून सावकाश चालविण्यास सांगितले. मुलीने दोर धरून तिला चालविले. चाल अगदी सरळ होती. मुलीचा चेहरा उजळला. मग डॉक्टर म्हणाले, “आता समोरच्या कठीण रस्त्यावर दुडकी पळव.” घोडी दुडकू लागली, तेव्हा एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. डावा पाय जमिनीवर टेकला, की घोडी डोके किंचित वर उचलीत असे आणि उजवा पाय टेकला, की खाली आणीत असे. दुखऱ्या पायावरील भार हलका करण्यासाठी घोडा अशी मान वर घेतो. मऊ मातीवर, सावकाश चालीत जे लपले होते, ते कठीण रस्त्यावर उघड झाले.

मुलीने विचारले, “पण डॉक्टर, वर्ष होत आले. जखम भरली ना?”

डॉक्टर म्हणाले, “भरली, पण पूर्वीसारखी झाली नाही.” मग त्यांनी कारण समजावून सांगितले. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. तेथे असतात हाडे आणि दोरासारखे चिवट स्नायुबंध. त्याच्या देहाच्या भारापैकी निम्म्याहून अधिक, सुमारे शंभरातील साठ भाग, पुढच्या दोन पायांवर असतो. स्वार पाठीवर बसला, की तो भार वाढतो. घोडा धावू लागला, की तो आणखी वाढतो. स्नायुबंध तुटल्यावर तेथे नवे धागे भरून येण्यास कित्येक महिने, कधी वर्षही लागते. हे नवे धागे जुन्यांइतके लवचीक नसतात. जोडलेल्या दोरासारखी त्यांची स्थिती असते. दोर पुन्हा तुटला, तर बहुधा त्याच जागेजवळ तुटतो.

मुलगी हट्टी नव्हती. परंतु हिशेबी होती. ती म्हणाली, “घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझे पेलावे, असे मी वाचले आहे. आमची घोडी तीनशे किलोची. माझे आणि खोगिराचे वजन मिळून साठ किलो भरत नाही.”

“तुझे गणित बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण तो हिशेब धडधाकट घोड्याचा आहे. येथे ओझे किती हा प्रश्न नाही, ते पेलणारा पाय कसा आहे हा प्रश्न आहे.”

मग घोडीला ठाणावरच बांधून ठेवावयाचे काय? तेही योग्य नव्हे. आपल्याकडे एक जुने कोडे आहे : भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच, न फिरविल्यामुळे. या कोड्यात मोठे व्यवहारज्ञान भरलेले आहे. म्हातारा घोडा एका जागी उभा राहिला, तर त्याचे सांधे आखडतात व पचनही बिघडते. दुखऱ्या पायाचा भार सतत दुसऱ्या पायावर पडत राहिला, तर त्या दुसऱ्या पायाचे खूरही आतून बिघडण्याचा धोका असतो. म्हणून निर्णय केवळ ‘पूर्वीप्रमाणे धावव’ किंवा ‘बांधून ठेव’ एवढ्या दोनच शब्दांत होत नाही. या दोहोंच्या मध्ये पुष्कळ पायऱ्या असतात. त्यांतील कोणती पायरी आजच्या दिवशी या घोड्याला झेपेल, हे शोधणे हाच खरा निर्णय होय.

या बाबतीत कायद्याचाही आदेश आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. वय, रोग, अशक्तपणा किंवा जखम यांमुळे जे जनावर कामास अयोग्य झाले आहे, त्याला कामास लावणे हा त्या कायद्याने अपराध ठरविला आहे. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधी १९६५ साली नियमही करण्यात आले. त्यांनुसार अशा जनावराकडून दिवसातून नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तसेच जेथे पारा ३७ अंशांपुढे जातो, तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला ओढकामास वा ओझ्यास लावता येत नाही. नागपूरचा उन्हाळा ज्याने अनुभविला आहे, त्याला या नियमाचे मोल सांगण्याची गरज नाही.

योग्य वेळी थांबविण्यात घोड्याचा अपमान नसतो. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात ‘विराट’ नावाचा एक घोडा होता. २००३ साली तो त्या दलात आला आणि दलाच्या नायकाचा घोडा म्हणून त्याने तेराहून अधिक वेळा प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात भाग घेतला. जानेवारी २०२२ मध्ये सेनाध्यक्षांच्या प्रशस्तिपत्राने त्याचा गौरव झाला आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेस, संचलन आटोपल्यावर, तो सन्मानाने निवृत्त झाला. त्या वेळी राष्ट्रपती व पंतप्रधान यांनी त्याच्या मानेवरून हात फिरविला. तो अडखळून पडेपर्यंत कोणी वाट पाहिली नाही. चालता-फिरता असतानाच त्याला विश्रांती मिळाली, हे त्या निरोपाचे वैशिष्ट्य होते.

आपल्या घोडीबद्दल डॉक्टरांनी सल्ला दिला तो असा : तीन महिने पाठीवर कोणीही बसू नये, रोज सकाळी ऊन होण्यापूर्वी मऊ वाटेने अर्धा तास तिला हाताने चालवावे, त्यानंतर पुन्हा पाहावे. तीन महिन्यांनी त्यांनी तिला पुन्हा दुडकी पळविली. मान अजूनही हलत होती. तेव्हा कोणी काही बोलण्यापूर्वी मुलगीच म्हणाली, “आता नको.”

वडिलांनी क्षणभर विचार केला. चाऱ्याचा खर्च तर तसाच राहिला होता. तो काही निर्णयाने कमी होणार नव्हता. परंतु गेली चौदा वर्षे या घोडीने घरचे ओझे वाहिले होते, शेतावरून दाणे आणले होते, रात्री-अपरात्री माणसे पोचविली होती. ते म्हणाले, “हिने आपले देणे केव्हाच फेडले आहे. आता फेडावयाचे ते आपण.” आणि त्यांनी खोगीर पुसून खुंटीस टांगले.

दसरा आला. मुलीने घोडीला न्हाऊ घातले, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि नेहमीप्रमाणे दोर धरून ती तिच्या शेजारून चालू लागली. पाठीवर बसून फिरत होती, तोवर तिला घोडीचे पाय कधी दिसलेच नव्हते. आता तिचे लक्ष सदैव त्यांच्याकडे असे. वाटेवर चारही टापा एकामागून एक सारख्या पडत होत्या. त्यांतील एक जरी चुकली असती, तरी ती मुलीच्या कानांनी तत्काळ हेरली असती.