बाळंतपण आणि वस्तीतल्या बायकांची बैठक

बाळंतपणात आई किंवा बाळ दगावले की घरात पहिला शब्द निघतो तो नशिबाचा. आपण कारणाकडे जाऊ. ते बहुतेक वेळा उशिरात सापडते. दवाखान्यात जायचे ठरवण्यात उशीर, पोहोचण्यात उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात उशीर. सेवाभावी संस्थांची कामे पाहताना त्यांनी यातला नेमका कोणता उशीर कमी केला, हे विचारावे.

झारखंड आणि ओडिशाच्या तीन आदिवासीबहुल जिल्ह्यांत ‘एकजूट’ संस्थेने २००५ ते २००८ या काळात एक प्रयोग केला. नवा दवाखाना बांधला नाही. स्थानिक बाईला तयार केले आणि तिने दर महिन्याला बायकांची बैठक घेतली. चित्रे दाखवायची, गोष्ट सांगायची, मग विचारायचे, ‘आपल्या गावात असे का घडते?’ उत्तर बायकांनीच शोधायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी जन्मानंतरच्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण बैठका नसलेल्या भागांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी निघाले. दवाखान्यात जाणे फारसे वाढलेले नव्हते. घरच्या बाळंतपणातली स्वच्छता मात्र वाढली होती: हात साबणाने धुणे, नाळ बांधायचा दोरा उकळून घेणे. तिसऱ्या वर्षी बाळंतिणींमधले नैराश्यही घटलेले दिसले. चार बायका आपले ऐकतात, एवढ्यानेही मनावरचे ओझे उतरते.

आता आपल्या मुंबईकडे या. सायन हॉस्पिटलच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये ‘स्नेहा’ संस्था सुरू केली. (त्याच हॉस्पिटलात १९८९ मध्ये देशातली पहिली मातृदुग्धपेढी त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.) ‘स्नेहा’ने २००६ ते २००९ मध्ये मुंबईच्या ४८ वस्त्या निवडल्या आणि त्यातल्या निम्म्या वस्त्यांत अशाच बैठका घेतल्या. निकाल काय? तपासण्या, दवाखान्यातले बाळंतपण, स्तनपान, कशातही म्हणावा असा फरक दिसला नाही. संस्थेने तो निकाल झाकून ठेवला नाही, तसाच प्रसिद्ध केला. याबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे.

मग तीच पद्धत इथे का चालली नाही? मुंबईच्या वस्तीत बहुतेक बाळंतपणे तेव्हाही दवाखान्यातच होत होती. भाडेकरू खोली बदलतात, पहिले बाळंतपण माहेरी होते, कामावर जाणाऱ्या बाईला बैठकीला वेळ नसतो. आणि घरातला उशीर संपला तरी दवाखान्याच्या दारातला उशीर उरतोच: ‘इथे डॉक्टर नाहीत, मोठ्या हॉस्पिटलला जा.’ तो बायकांच्या बैठकीने कसा जाणार? त्यासाठी ‘स्नेहा’ने महापालिकेबरोबर बसून दुसरे काम केले. कोणती केस प्रसूतिगृहात ठेवायची, कोणती मोठ्या रुग्णालयात पाठवायची, पाठवताना चिठ्ठीत काय लिहायचे, याचे नियम बसवले. काम दिसायला रुक्ष आहे, पण वस्तीला त्याची गरज जास्त होती.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाळंतिणीची काळजी ही सरकारची आणि मालकाचीही जबाबदारी आहे, ही गोष्ट तेव्हाची. त्यामुळे संस्थेचे आभार मानतानाच सरकारी दवाखान्यात आपला हक्कही मागावा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. कोणी बाहेरून औषध आणायला सांगितले तर या योजनेचे नाव घेऊन विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते.

विहारात महिला मंडळ भरते तेव्हा पुढच्या खेपेला एवढे करून पाहा. वस्तीत कोण गरोदर आहे, कितवा महिना, नाव कोणत्या दवाखान्यात घातले आहे, हे आशाताईंना बोलावून वहीत लिहा. रात्री कोण सोबत जाईल, रिक्षा कोणाची, घरात मोठी मुले कोणाकडे राहतील, तेही लिहा. नवऱ्यांनाही बसवा, कारण निघायचे कधी हे बहुतेक घरांत तेच ठरवतात.

पुढची लक्षणे दिसली तर वाट पाहू नका: अंगावरून रक्त जाणे, फार डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर सूज, झटके, ताप, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाळंतपणानंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर १०८ ला फोन करा. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड, केस पेपर आणि सोनोग्राफीचे कागद एकाच पिशवीत घ्या. एका दवाखान्याने दुसरीकडे पाठवले तर लेखी चिठ्ठी आणि गाडी मागूनच तिथून हला.