दाढ वाचवू या



दाढ ठणकली की आपल्याकडे दोनच उपाय ठाऊक. लवंग धरायची, नाहीतर दाढ उपटायची. तिसरा उपाय म्हणजे रूट कॅनॉल. तो मी समजून घेतला, तो येथे लिहितो.

दाताचे बाहेरचे कवच आपल्या शरीरात सर्वांत कठीण असते. आत मऊ मगज असतो. त्यात रक्तवाहिन्या व नसा असतात. त्याची बारीक नळी मुळाच्या टोकापर्यंत जाते. गोड, चिकट खाणे दातांत राहिले की तोंडातले जंतू त्याचे आम्ल करतात. आम्लाने कवच झिजते व खड्डा पडतो. यालाच आपण कीड म्हणतो. आत किडा नसतो. बाजारात किडा काढून दाखवतात, ती हातचलाखी!

खड्डा लहान असेल तर भरून काम भागते. कीड मगजापर्यंत गेली की रात्री झोप लागत नाही, गाल सुजतो. मग डॉक्टर जागा बधिर करतात, बारीक सुयांनी सडका मगज काढतात, नळ्या धुऊन कोरड्या करतात. त्यांत गट्टापर्चा नावाचा, झाडाच्या चिकापासून केलेला पदार्थ भरतात. दाढेवर टोपी बसवतात. नाशिकला पंचवटीत दंत महाविद्यालय आहे, तेथे असे उपचार होतात. माझ्या मामांची दाढ अशीच वाचली, पण द्राक्षाच्या ऐन हंगामात तीन खेपा पडल्या आणि खर्चही झाला.

आता महत्त्वाचे. दुधाचे दात 20, पक्के 32. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे नवी दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाची समजतात. ती पक्की असते. गेली की परत येत नाही! पहिली-दुसरीतल्या भावंडांचे तोंड आजच उघडून बघा.

हे करा :
1. सकाळी आणि रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा.
2. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा.
3. गोळ्या, चॉकलेट दिवसभर चघळू नका.
4. मशेरी लावू नका. ती तंबाखूच आहे.
5. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले की काळा ठिपका लपवू नका, दाखवा.

पालकहो, ठिपका दुखत नाही म्हणून थांबू नका. दुखायला लागते तेव्हा कीड बहुधा खोल गेलेली असते.