झपाटलेल्या घराचा चित्रपट आणि आपले अभिप्राय



गेल्या सत्रात आम्ही वरच्या इयत्तांस निबंधासाठी एक साधा विषय दिला होता : ‘मी पाहिलेला एक चित्रपट व त्याविषयी माझे मत’. वह्या तपासावयास घेतल्या तेव्हा असे आढळले की, पुष्कळांनी भीतिदायक चित्रपटच निवडले होते, आणि त्यांत ‘लपाछपी’ ह्या मराठी चित्रपटाचे नाव वारंवार येत होते. तो कोठे पाहिला असे विचारता कोणी मामाच्या घरी म्हणाले, तर कोणी ऊसतोडीच्या कोपीवर वडिलांच्या मोबाइलवर म्हणाले. चित्रपट आवडला, हे बहुतेकांनी लिहिले होते. परंतु का आवडला हे फार थोड्यांस सांगता आले. ‘लई भ्या वाटलं’ ह्यापलीकडे लेखणी गेली नव्हती.

पुढे पालकसभेतही हाच विषय निघाला, व तेथे मोठ्या माणसांनी आपापली मते मांडली. ती सर्व मते एकत्र करून त्यांचा विचार करावा, आणि अभिप्राय कसा बनवावा ह्याचा एक धडा त्यातून घ्यावा, असे आमच्या मनात आले. तोच हा लेख होय.

प्रथम चित्रपटाची ओळख. ‘लपाछपी’ हा विशाल फुरिया ह्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०१७ सालच्या जुलै महिन्यात प्रदर्शित झाला. पूजा सावंत ह्यांनी नेहा नावाच्या गरोदर तरुणीची, व उषा नाईक ह्यांनी तुळसाबाई ह्या प्रौढ स्त्रीची भूमिका केली आहे. नेहाचा नवरा कर्जात बुडालेला. सावकारांच्या धाकाने ती दोघे शहर सोडतात, आणि चहूबाजूंनी ऊस असलेल्या एका एकाकी घरात आसरा घेतात. तुळसाबाई नेहाची काळजी वाहते, तिला न्हाऊ-जेवू घालते. पण तेथे कोठून तरी मुलांच्या खेळण्याचे आवाज येऊ लागतात, आणि आसऱ्याचे ते घर हळूहळू तुरुंग होते. शेवटी कळते ते हे की, त्या घरात मुलगी जगू दिली जात नसे. पुढे २०२१ साली ह्याच दिग्दर्शकांनी हे कथानक ‘छोरी’ ह्या नावाने हिंदीत पुन्हा चित्रित केले. हा चित्रपट लहान मुलांस दाखविण्याजोगा नव्हे, हे येथेच सांगून ठेवतो.

आता अभिप्रायांकडे वळू. आम्हांस ते चार प्रकारचे आढळले.

पहिला अभिप्राय : ‘चित्रपट चांगला, कारण भीती वाटली.’ हा अभिप्राय खोटा नाही, पण अपुरा आहे. अंधारात कोणी एकाएकी ओरडले तरी भीती वाटतेच. त्यात ओरडणाराचे कौशल्य ते काय? दचकणे आणि भिणे ह्यांत भेद आहे. दचकणे क्षणाचे असते, व ते कर्कश आवाजाने सहज साधते. भीती ही मनात साठत जाते. तिला जागा लागते, वेळ लागतो, आणि पुढे काय होणार ह्याची अर्धवट जाणीव लागते. ‘लपाछपी’त भीतीचे पुष्कळसे प्रसंग दिवसाउजेडी घडतात, हे ज्या विद्यार्थिनीने टिपले तिला आम्ही शाबासकी दिली. काळोख, वटवाघळे, करकरणारे दार ही नेहमीची सामग्री बाजूला ठेवून दिग्दर्शकाने उन्हात उभा असलेला ऊस घेतला. उसाच्या फडात शिरलेल्या माणसास चार हातांपलीकडचे दिसत नाही. सगळ्या सऱ्या सारख्या दिसतात, पाचट पायाखाली वाजते, आणि तो आवाज आपल्याच पायांचा की आणखी कोणाच्या, हे कळत नाही. आपल्या नांदूरघाटच्या मुलांस हे समजावून सांगावयास नको. तुम्ही फडात वाढलेली मुले आहा. म्हणूनच हे घर तुम्हांस इतरांहून अधिक जवळचे वाटले असावे.

दुसरा अभिप्राय एका विद्यार्थ्याने दिला : ‘भुते खोटी असतात, म्हणून असले चित्रपट व्यर्थ होत.’ भुतांवर विश्वास ठेवू नये, हे आम्हीच वर्गात शिकवितो. तेव्हा हा मुलगा आमचाच धडा आम्हांस म्हणून दाखवीत होता. परंतु कथेतील गोष्ट घडली नाही एवढ्यावरून ती व्यर्थ ठरत नाही. इसापाचे कोल्हे बोलतात. म्हणून त्या गोष्टी कोणी टाकून दिल्या काय? विचारावयाचे ते असे की, ह्या भुताच्या आडून काय सांगितले आहे?

ह्या प्रश्नाने आपल्या इकडील झपाटलेल्या घरांचे जुने-नवे चित्रपट तपासून पाहा. १९४९ साली मुंबईच्या बॉम्बे टॉकीजने ‘महल’ हा चित्रपट काढला. कमाल अमरोही दिग्दर्शक होते, व अशोककुमार आणि मधुबाला ह्यांच्या प्रमुख भूमिका होत्या. ओसाड महालात फिरणारी ती स्त्री अखेर भूत नसून जिवंत माणूस होती, असे कळते. माणसास झपाटले होते ते त्याच्याच वेड्या ओढीने. २०१८ सालच्या ऑक्टोबरात राही अनिल बर्वे ह्यांचा ‘तुंबाड’ आला. त्यातील पावसाने भिजलेल्या जुन्या वाड्यात राक्षस आहे खरा, पण माणसे तेथे पुन्हा पुन्हा जातात ती सोन्याच्या हव्यासाने, आणि बापाचा तो हव्यास मुलाकडे जातो. पहिल्या प्रदर्शनात ह्या चित्रपटास बेताचाच प्रेक्षक मिळाला होता. २०२४ सालच्या सप्टेंबरात तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या वेळेहून अधिक उत्पन्न झाले. लोकांचा पहिल्या आठवड्यातील निकाल हा अखेरचा निकाल नव्हे, हेही ह्यावरून शिकावे. तात्पर्य, महालात वेडी ओढ, तुंबाडच्या वाड्यात लोभ, आणि उसातील घरात मुलीचा द्वेष. घर झपाटलेले असते ते त्यात राहणाऱ्या माणसांच्या पापाने. भूत हे केवळ त्याचे दृश्य रूप होय.

तिसरा अभिप्राय पालकांपैकी एका गृहस्थांचा. ते जरा रागानेच म्हणाले, “शहरातले लोक चित्रपट काढतात, आणि सगळे वाईट खेड्यात आहे असे दाखवितात. आमची गावे काय अशी आहेत?” सभेत काही माना डोलल्या. आम्हांस हा आक्षेप महत्त्वाचा वाटला, व आम्ही त्याचे उत्तर मतांत न शोधता आकड्यांत शोधले. विद्यार्थ्यांनीही तसेच करावे.

जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयाची मुले निराळी मोजतात, व दर हजार मुलग्यांमागे मुली किती हे काढतात. निसर्गतः जन्माच्या वेळी हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली असतात. आपल्या बीड जिल्ह्यात २००१ साली हा आकडा ८९४ होता. २०११ साली तो ८०७ झाला, आणि त्या गणनेत साऱ्या महाराष्ट्रात तो सर्वांत कमी ठरला. राज्याचा आकडा त्याच वेळी ८९४ होता. ९५० मधून ८०७ वजा करा : दर हजार मुलग्यांमागे सुमारे १४३ मुली, ज्या असावयास पाहिजे होत्या, त्या नव्हत्या. त्या गणनेतील तान्ही बालके आता शाळेच्या वरच्या इयत्तांच्या वयाची झाली आहेत. म्हणजे हा हिशेब दूरच्या कोणाचा नसून तुमच्याच पिढीचा आहे.

तर मग त्या गृहस्थांचा आक्षेप खोटा ठरला काय? अर्धा ठरला, अर्धा नाही. जिल्ह्याचा दोष आहे, हे आकडेच सांगतात. परंतु ८९४ चे ८०७ झाले ते कोणत्या दहा वर्षांत, हे पाहा. त्या काळात रस्ते झाले, शाळा वाढल्या, मोबाइल घरोघर आले. मंत्रतंत्रांनी मुली कमी केल्या नाहीत. पोटातील बाळ दाखविणाऱ्या यंत्राचा दुरुपयोग करणाऱ्या शिकल्यासवरल्या हातांनी, आणि त्यांस पैसे देणाऱ्या कुटुंबांनी त्या कमी केल्या. गर्भाचे लिंग सांगण्याच्या गैरप्रकारास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांआधी, १९८८ साली केला. साऱ्या देशासाठी तो १९९४ साली झाला, व १९९६ पासून अमलात आला. कायदा असूनही आकडा घसरला. तेव्हा चित्रपटातील घर जुने, एकाकी, जगापासून तुटलेले दाखविले, ही त्याची उणीव आहे असे आमचे मत झाले. प्रेक्षक घाबरतो, आणि ‘हे आमच्याकडचे नव्हे’ असे म्हणून निजतो. खरे झपाटलेले घर विजेच्या लख्ख दिव्यांचे, गुळगुळीत फरशीचे, आणि भर बाजारपेठेतले असू शकते.

चौथा अभिप्राय आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. सभा संपत आली असता मागे बसलेल्या एक वयस्क बाई उठल्या. त्या नातीबरोबर आल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, मला भुताचं काही वाटलं नाही. ती तुळसाबाई पोरीला मायेनं जेवू घालते ना, तिथं भ्या वाटलं.” मग त्यांनी पदर सारखा केला, आणि त्या खाली बसल्या. कोणी काही बोलले नाही. त्यांच्या मनात काय होते, हे आम्ही विचारले नाही, व विचारणे योग्यही नव्हते. परंतु आमच्या मते त्या दिवशीचा सर्वांत खोल अभिप्राय तोच होता. मोजके शब्द, पण चित्रपटातील नेमकी जागा त्यांनी दाखविली, आणि तेथेच भीती का वाटावी हे ऐकणाऱ्यास आपोआप कळले. अन्याय करणारा माणूस नेहमी राक्षसासारखा दिसत नाही. तो दूध आणून देतो, विचारपूस करतो, ‘तुझ्या भल्यासाठीच सांगते’ असे म्हणतो. मुलगी नको असे म्हणणारी माणसे बहुधा घरचीच असतात, आणि पुष्कळदा प्रेमळही असतात. ह्यामुळेच त्यांस नाही म्हणणे कठीण जाते.

काहींनी अशीही तक्रार केली की, शेवटी शेवटी चित्रपट उपदेश करू लागतो. ही तक्रार आम्हांस पटते. जे त्या बाईंस जेवणाच्या ताटावरून कळले, ते प्रेक्षकास पुन्हा तोंडाने सांगावयाची गरज नव्हती. आम्ही शिक्षक आहोत, व हाच दोष आमच्याही अंगी आहे. म्हणून दिग्दर्शकास फार बोल लावीत नाही.

तर विद्यार्थ्यांनो, अभिप्राय लिहिताना तीन पायऱ्या ध्यानात ठेवाव्या. पहिली, मला काय वाटले? हे प्रामाणिकपणे सांगावे. दुसरी, ते कशामुळे वाटले? येथे नेमका प्रसंग, आवाज किंवा दृश्य दाखवावे. ‘सगळेच छान’ असे म्हणू नये. तिसरी, जे दाखविले ते आपल्या जगाशी ताडून पाहता खरे उतरते काय? ह्या पायरीवर मत पुरेसे नाही. माहिती लागते, आणि ती मिळवावयास कष्ट पडतात. पहिल्या पायरीवर थांबणारा केवळ प्रेक्षक होय. तिसऱ्या पायरीपर्यंत जाणारा वाचक आणि नागरिक होतो.

सरावासाठी पुढील प्रश्न देतो. ते घरी मोठ्यांबरोबर बसून सोडवावे.

१. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या भीतिदायक चित्रपटात दचकविणारे प्रसंग कोणते, व भीती साठविणारे कोणते? दोन याद्या करा.

२. त्या चित्रपटातील घर कोणाच्या कोणत्या दोषाने झपाटले होते?

३. आपल्या वर्गातील मुलगे व मुली मोजा, आणि हजारी प्रमाण काढा. एका वर्गाच्या आकड्यावरून जिल्ह्याविषयी निष्कर्ष काढता येईल काय? येत नसल्यास का?

४. आपल्या घरी मुलगी जन्मली तेव्हा कोण काय म्हणाले, हे आजीला विचारा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिलेच पाहिजे असे नाही. ते आजीजवळ बसून नीट ऐकून घेतले, म्हणजे पुरे.

लपाछपीच्या खेळात ज्याच्यावर राज्य येते, त्याने लपलेल्या प्रत्येकास शोधून काढावयाचे असते. एकजण जरी सापडावयाचा राहिला तरी खेळ संपत नाही. चित्रपटाचे हे नाव पुष्कळांस केवळ मौजेचे वाटले असेल. वरची वजाबाकी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहा, म्हणजे ते तसे वाटणार नाही.